‘पाणी इथवर येत नाही’ : कुंभार गल्लीची भिंत आणि कामाइशीची पोरं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे आज इयरफोन घरी विसरून बसमध्ये बसलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. मधले चहाचे घोट तेवढे गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात एका भिंतीपासून करते.

माझं आजोळ कोल्हापुरात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. मामा गणपती करतो. त्याच्या कारखान्यात, म्हणजे घराच्याच खालच्या मजल्यावर, भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ होती आणि शेजारी आकडा : २००५. त्या वर्षीच्या महापुरात पाणी तिथवर आलं होतं. रेघ आजोबांनी ओढलेली. आजोबा गेले, रेघ राहिली. मूर्ती ठेवायच्या फळ्या तिच्या वर एक वीत ठोकलेल्या. आमच्या घरात त्या रेघेला लक्ष्मणरेषेचाच मान होता. पाणी तिच्या पुढं येत नाही म्हणजे येत नाही.

ऑगस्ट २०१९. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मामाकडे राहत होते. गणपती दोन सप्टेंबरला, म्हणजे फळ्या मूर्तींनी भरलेल्या. सगळ्यांच्या फोनवर मेसेज येत होते : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फूट, इशारा पातळी. मग ४३ फूट, धोका पातळी. मामानं फोन बघितला, मग रेघेकडे बघितलं आणि म्हणाला, “येऊ दे की. इथवर येत नाही.”

पाणी रेघेला लागलं आणि थांबलं नाही. बंधाऱ्यावर आकडा ५५ फुटांच्या वर गेला. आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि खाली शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळत होत्या. चतुर्थीच्या आधीच विसर्जन. आजीला खिडकीतून बोटीत उतरवलं, तेव्हा लक्षात आलं की तिचं इन्शुलिन खालच्या फ्रिजमध्ये राहिलंय. ती रात्र कशी काढली ते आम्हालाच ठाऊक. पण आमच्या घरातली सगळी माणसं वाचली. त्याच महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून जास्त माणसं गेली. आमचं नुकसान मातीचं होतं, त्यांचं माणसांचं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माहिती तर वेळेवर आली होती. सगळ्यांच्या हातात होती. मग आम्ही निघालो का नाही?

दोन कारणं सापडली. पहिलं : ‘राजाराम बंधारा ४३ फूट’ म्हणजे आमच्या गल्लीत कुठल्या पायरीला पाणी, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी मोजलं नव्हतं. दुसरं : ती रेघ. मागचा पूर कुठवर आला होता हे सांगणारी खूण आम्ही ‘पुढचा पूर इथंच थांबणार’ अशी वाचली. खूण खरी होती. वाचणारे आम्ही चुकलो.

या दोन्ही कारणांवर कोणी काम केलंय का, हे शोधता शोधता मी जपानमधल्या एका गावापाशी पोचले. आजचा भाग त्या गावाचा, आणि मग आपला.

समुद्राला भिंत बांधलेलं गाव

गावाचं नाव कामाइशी. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात. पोलादाचा जुना कारखाना, मासेमारी आणि रग्बी ही याची ओळख. १८९६ मध्ये इथं त्सुनामी आली आणि गावातली निम्म्याहून जास्त माणसं गेली. १९३३ मध्ये पुन्हा आली. मग सरकारनं खाडीच्या तोंडाशी भलीमोठी भिंत घातली. काम जवळजवळ तीस वर्षं चाललं, २००९ मध्ये संपलं आणि ‘जगातली सर्वांत खोल समुद्रभिंत’ म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली.

आता सांगा, घरासमोर अशी भिंत असल्यावर भोंगा वाजला तर कोण पळेल? लोक पळत नव्हते. इशारा यायचा, लोक टीव्ही बघत बसायचे, छोटीशी लाट यायची आणि जायची. पुढच्या वेळी आणखी कमी लोक उठायचे. म्हणजे आमची निळी रेघच, फक्त काँक्रीटची.

२००४ च्या सुमारास गुन्मा विद्यापीठातले एक प्राध्यापक, तोशिताका काताडा, इथं काम करायला लागले. गुन्मा हा समुद्र नसलेला प्रांत, म्हणजे माणूस अगदी बाहेरचा. आधी त्यांनी मोठ्यांसाठी व्याख्यानं दिली. यायचे कोण? ज्यांना आधीच पटलेलं होतं तेच. बाकीचे घरी. मग त्यांनी मोर्चा शाळांकडे वळवला. त्यांचा हिशेब साधा होता : आज शिकलेलं पोरगं दहा वर्षांनी मोठं माणूस होईल आणि आणखी दहा वर्षांनी आई किंवा बाप. आणि पोरांच्या मागून घर येतं, हे तर आहेच.

त्यांनी मुलांना एक प्रश्न लिहून दिला : तू घरी एकटा आहेस आणि मोठा भूकंप झाला, तर काय करशील? बऱ्याच मुलांनी लिहिलं, ‘आईला फोन करीन’, ‘आई येईपर्यंत थांबेन’. काताडांनी ते कागद मुलांना घरी न्यायला लावले आणि पालकांना विचारलं, हे उत्तर वाचून तुम्हाला वाटतं का की तुमचं मूल वाचेल?

मंडळी, शंभर व्याख्यानांनी जे होत नाही ते या एका कागदानं होतं.

यातलं पुढचं काम विद्यापीठानं एकट्यानं केलं नाही. गावातल्या शिक्षकांनी प्राध्यापकांबरोबर बसून धडे तयार केले. गणिताच्या तासाला त्सुनामीच्या वेगाची उदाहरणं आली. मुलं आपापल्या वस्तीतून चालली, कुठून चढता येतं, कुठली भिंत पडेल हे बघितलं आणि स्वतः नकाशे केले. उनोसुमाई नावाच्या भागातल्या माध्यमिक शाळेच्या मुलांनी घरोघरी पाट्या वाटल्या. निघताना पाटी दाराला लावायची, तिचा अर्थ ‘आम्ही गेलोय’. म्हणजे मागून शोधायला येणाऱ्याचा जीव जाणार नाही. ना अ‍ॅप, ना बॅटरी. एक पाटी.

आणि काताडांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या. एक, आधीच्या अंदाजावर विसंबू नका. दोन, त्या क्षणी जेवढं करता येईल तेवढं पूर्ण करा. तीन, सगळ्यात आधी तुम्ही पळा.

पहिल्या गोष्टीकडे नीट बघा. पुराचे, त्सुनामीचे नकाशे कोण बनवतं? विद्यापीठातले लोक. आणि विद्यापीठातलाच माणूस मुलांना सांगतोय, नकाशा बघा, पण त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. तो मागच्या लाटांवरून काढलाय, पुढची लाट त्यानं बघितलेली नाही. तिसरी गोष्ट स्वार्थी वाटते ना? पण कुणीतरी पहिला पळाल्याशिवाय बाकीचे हलत नाहीत. त्या किनाऱ्यावर यासाठी जुना शब्दच आहे : ‘तेन्देन्को’. ज्यानं त्यानं आपापलं पळायचं. घरच्यांची वाट बघायची नाही, कारण घरचेही पळालेले असणार हा विश्वास आधीच पक्का केलेला असतो.

११ मार्च २०११

दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. ९.० तीव्रतेचा भूकंप. उनोसुमाईत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. नकाशाप्रमाणे दोन्ही शाळा लाटेच्या पट्ट्याबाहेर. वीज गेली, त्यामुळे माध्यमिक शाळेत माइकवरून सूचना देता आली नाही. मुलं सूचनेसाठी थांबलीच नाहीत. पळाली.

प्राथमिक शाळेतली लहान मुलं आधी तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुलं पळताना बघून तीही खाली आली आणि त्यांच्यात मिसळली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले, कारण दोन्ही शाळांनी असा एकत्र सराव केलेला होता. ठरलेल्या जागी पोचले तर मागचा कडा ढासळायला लागलेला दिसला. ‘इथं नको, अजून वर जाऊ.’ वरच्या वृद्धाश्रमाशी गेले. तिथंही थांबले नाहीत, अजून वर गेले. लाट आली तेव्हा ते पहिलं ठिकाण पाण्याखाली गेलं. प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर नंतर एक मोटार अडकलेली सापडली. लहान मुलं तिथंच थांबली असती तर, हे मी पूर्ण करत नाही.

गिनेस बुकातली ती भिंत फुटली. गावात हजाराच्या वर माणसं गेली. पण कामाइशीच्या शाळांमधली जवळजवळ तीन हजार मुलं, जवळपास सगळी, वाचली. बातम्यांमध्ये याला ‘कामाइशीचा चमत्कार’ म्हणाले. तिथल्या मुलांना तो शब्द आवडला नाही. चमत्कार कसला, आम्ही सराव केला होता, असं त्यांचं म्हणणं.

त्याच गावातली दुसरी इमारत

इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण त्याच उनोसुमाईत, त्या शाळांपासून फार दूर नाही, एक ‘आपत्ती निवारण केंद्र’ होतं. २०१० मध्ये उघडलेलं, नवंकोरं. त्सुनामीत जायचं ठिकाण म्हणून ते ठरलेलं नव्हतं. ती ठिकाणं उंचावर होती. पण उंचावर चढायला म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, सरावाला लोक येत नाहीत, म्हणून सराव या केंद्रात घेतले जायचे. सोयीचं पडतं ना. शिवाय नावच ‘आपत्ती निवारण केंद्र’.

त्या दुपारी लोकांचे पाय सरावातल्या रस्त्यानं गेले. केंद्रात जमलेली शंभराहून जास्त माणसं तिथं गेली.

मला वाटतं, कॉलेजातल्या प्रत्येक मॉक ड्रिलच्या आधी ही गोष्ट वाचून दाखवावी. सराव माणसाच्या डोक्यापेक्षा त्याच्या पायांना जास्त शिकवतो. चुकीच्या जागी घेतलेला सराव तिथंच नेऊन सोडतो. हजेरी भरावी म्हणून सोपा केलेला सराव, हा सराव न करण्यापेक्षा वाईट असू शकतो.

आता आपल्याकडे या

आपल्याकडे माणसं नाहीत असं अजिबात नाही. राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस, १९६९ पासून आहे. महाराष्ट्रात विद्यापीठांच्या स्वयंसेवकांसाठी ‘आव्हान’ नावाचं आपत्ती व्यवस्थापनाचं राज्यस्तरीय शिबिर होतं आणि तिथं एनडीआरएफचे जवान शिकवतात. ‘आपदा मित्र’ योजनेत गावातल्या तरुणांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. ‘उन्नत भारत अभियाना’त कॉलेजं गावं दत्तक घेतात. कागदावर दोर भरपूर आहेत. गाठ मारायची राहते.

माझ्याच कॉलेजचं सांगते, नाव घेत नाही. नदीकाठचं एक गाव दत्तक होतं. सात दिवसांचं शिबिर झालं. झाडं लावली, प्रभातफेरी काढली, शाळेच्या मैदानात मॉक ड्रिल केलं, बॅनरसमोर फोटो काढला. मैदान सोयीचं होतं. पण पुरात त्या मैदानात सगळ्यात आधी पाणी येतं, हे गावातल्या एका आजींनी आम्हाला शेवटच्या दिवशी चहा देताना सांगितलं. आम्ही सात दिवस त्यांच्या गावात होतो आणि हे विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावात गेलं.

काताडा कामाइशीत वर्षानुवर्षं येत राहिले. फरक इथं आहे.

आपल्याकडेही हे झालेलं आहे बरं का. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली. नंतर घरं पुन्हा बांधायची, उरलेली मजबूत करायची, तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेची माणसं पुनर्वसनातल्या लोकसहभागाच्या कामात उतरली. आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं हजारावर गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून तिथल्याच बायका उभ्या केल्या. इंजिनिअर काय म्हणतो ते घरोघरी सांगायचं आणि घरचे काय म्हणतात ते इंजिनिअरला. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा याच मराठवाड्यातल्या बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. ज्यांची घरं पडली होती, त्याच आता शिकवत होत्या.

गल्लीला काय माहीत असतं

त्सुनामी अर्ध्या तासात येते. पंचगंगेचा पूर एक-दोन दिवस सांगून येतो. तरी लोक निघत नाहीत. का? ‘लोक ऐकत नाहीत’ हे उत्तर नव्हे. म्हैस सोडून कसं जायचं? मागं चोरी झाली तर? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना कोण उचलणार? ही खरी कारणं. आणि यांची उत्तरं सॅटेलाइटच्या फोटोत दिसत नाहीत.

ती कुणाकडे असतात बघा. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं आहेत, हे दूध संस्थेच्या सेक्रेटरीला तोंडपाठ असतं. कोण बाळंतीण आहे, कुणाला रोज इंजेक्शन लागतं, हे आशाताईंना माहीत असतं. तालमीकडे आणि मंडळाकडे दणकट पोरं, दोर, जनरेटर आणि माइक असतो. आणि जुन्या लोकांकडे खुणा असतात. कोल्हापुरात अजून विचारतात, “मच्छिंद्री झाली काय?” शिवाजी पुलाच्या कमानींपाशी पाणी एका ठरावीक उंचीला टेकलं की दिसणारी ती खूण. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं मोजमापच ते.

विद्यापीठाकडे दुसरं सामान आहे : लेव्हल मोजायची यंत्रं, नकाशे करणारी मुलं, पावसाच्या आणि धरणाच्या विसर्गाच्या नोंदी, आणि दरवर्षी नव्यानं येणारी शेकडो तरुण माणसं. ही दोन सामानं एका टेबलावर आली, की ‘४३ फूट’ या आकड्याचं भाषांतर होतं : ‘तुमच्या गल्लीत तिसरी पायरी, उद्या सकाळपर्यंत.’ नदीकाठच्या शहरांत आता कोणत्या फुटाला कोणता भाग बुडतो याच्या याद्या निघतात, हे चांगलंच आहे. पण यादी भागापर्यंत येते. भागापासून उंबऱ्यापर्यंतचं काम आपलं.

आणि ते भाषांतर झाल्यावरही पहिला धडा विसरायचा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड आली. धोकादायक गावांच्या यादीत त्या वाडीचं नावच नव्हतं. यादीत नाव आहे तर सावध राहा. यादीत नाही, म्हणून झोपू नका.

या आठवड्यात करता येईल असं

फोन हातात आहेच, तर तो वापरा.

एक : घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, पाणी, दरड किंवा आग कधी, कुठून आणि कुठवर आली होती. आवाज रेकॉर्ड करा. ही माहिती त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

दोन : तुमच्या भागासाठी कुठल्या ठिकाणची पातळी मोजतात, तिथली इशारा पातळी किती, धोका पातळी किती, हे शोधा. पुढच्या पावसाळ्यात तो आकडा आणि तुमच्या रस्त्यावरचं पाणी, दोन्ही रोज लिहून ठेवा. एका मोसमात तुमच्या गल्लीचा तक्ता तयार होतो.

तीन : सरकारी इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं ‘दामिनी’, ही दोन अ‍ॅप टाकून घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तातडीचा ११२. आणि हे नंबर कागदावरही लिहा, कारण चार्जिंग पहिल्याच रात्री संपतं. अनुभव आहे.

चार : तुम्ही एनएसएसमध्ये असाल तर तुमच्या सरांना एकच विचारा, “सर, पुढच्या वर्षी याच गावात यायचं का?” आणि सराव कुठं घ्यायचा हे गावातल्या आजींना विचारून ठरवा.

पाच : घरात जेवताना ठरवा, कोण कुठं जाणार आणि कुणी कुणाची वाट बघायची नाही.

भिंतीकडे परत

२०१९ नंतर मामानं आजोबांच्या रेघेवर दुसरी रेघ ओढली, लाल रंगाची. मी आणि माझे तीन मित्र दोन पावसाळे वही घेऊन गल्लीत फिरलो : बंधाऱ्यावर आज किती फूट, नाल्याचं पाणी कुठं, कोपऱ्यावरच्या पायरीला कधी लागलं. लोक हसायचे. “काय गं, पाणी मोजून कमी होतंय व्हय?”

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांवर गेली. २०१९ पेक्षाही वर. लाल रेघही बुडाली. पण त्या वेळी खाली ना मूर्ती होत्या, ना आजी. वहीतला आकडा बघून आम्ही आदल्या दिवशीच निघालो होतो. आणि आम्ही निघालेलं बघून शेजारची तीन घरं निघाली. तेव्हा मला ‘आधी तुम्ही पळा’ याचा अर्थ कळला.

उनोसुमाईत त्या दोन शाळांच्या जागी आता स्टेडियम आहे. २०१९ च्या रग्बी विश्वचषकाचा सामना तिथं झाला. आमची गल्ली बुडाली त्याच्या पुढच्याच महिन्यात.

पूर ओसरल्यावर मामानं भिंत नव्यानं रंगवली. मला वाटलं, आता तिसरी रेघ येणार. त्यानं रेघ ओढली नाही. दोन्ही जुन्या रेघाही रंगाखाली गेल्या. त्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलंय :

‘३९ फूट : आजी, औषधं, कागद, मूर्ती. निघायचं.’

तर मंडळी, तुमच्या भिंतीवर काय लिहिलंय ते बघा. पाणी कुठवर आलं होतं, की तुम्ही कधी निघणार? हा भाग पटला असेल तर गल्लीच्या ग्रुपवर पाठवा. आणि तुमच्याकडच्या आजी-आजोबांच्या खुणा मला नक्की कळवा, त्यावर एक अख्खा भाग करू. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!